मोनो रेकॉर्डचा खर्ज कुठे गेला? इंदूरच्या एका घरातल्या स्पीकर-तारांचं प्रकरण

घराचं नूतनीकरण झालं आणि रेकॉर्डींचा आवाज उतरला, ही मूळ तक्रार. घर इंदूरच्या लोकमान्यनगरातलं. काका निवृत्त झालेले, सकाळ-संध्याकाळ ऐकणं हाच त्यांचा नेम. वडिलांच्या वेळच्या 78 च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) तबकड्या आहेत, साठ-सत्तरच्या दशकातल्या एलपी आहेत, आणि त्यांत उस्ताद अमीर खाँ यांचा वाटा मोठा. इंदूरच्या घरात तो असायचाच. काकांच्या पिढीने खाँसाहेबांना आपल्या गावचे मानून ऐकलं, झुमरा तालाच्या अतिविलंबित लयीसकट.

माझं काम मोजमापाच्या उपकरणांचं. काकांच्या मुलाशी जुनी ओळख, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. त्यांच्या संमतीने, नावं वगळून, सगळं सविस्तर मांडतो आहे. कारण अशाच तक्रारी घेऊन लोक दुकानात जातात आणि स्पीकर बदलून परत येतात.

काकांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं टिपून घेतलं होतं. "तानपुरा ऐकू येतो, पण खाँसाहेब समोर बसून गात नाहीत. हवेत कुठेतरी गातात. डग्ग्याचं घुमणं गेलं, नुसती टकटक उरली. आणि हे नव्या रेकॉर्डींपेक्षा जुन्यांना जास्त झालंय." काकूंची पुरवणी अशी, की स्वयंपाकघरात बसलं तर आवाज जास्त भरीव लागतो.

मी जाण्याआधी घरच्यांनी बरंच करून पाहिलं होतं. जुन्या रेकॉर्डी बिघडल्यासारख्या वाटल्या म्हणून पिकअपची सुई बदलली. अँप्लिफायर दुरुस्तीला गेला आणि "दोष नाही" म्हणून परत आला. मग एका विक्रेत्याने जाड, महागडी केबल चाचणीसाठी दिली. ती जमिनीवरून टाकून जोडली, आवाज वाढवला आणि अँप्लिफायर बंद पडला, पाठीवरचा लाल दिवा लागला. केबल काढून जुनी तार लावल्यावर सगळं पूर्ववत. विक्रेत्याचं म्हणणं पडलं की अँप्लिफायर कमजोर आहे, तो बदला आणि बाय-वायरिंगही (स्पीकरला दुहेरी तार) करून घ्या. घरच्यांनी तिथेच थांबून मला बोलावलं, हे बरं झालं.

तक्रारीत आधीच असलेली उत्तरं

मल्टिमीटर पिशवीतून काढण्याआधी दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या होत्या, आणि दोन्ही घरच्यांनीच सांगितलेल्या.

पहिली, जुन्या रेकॉर्डींना जास्त त्रास. 78 च्या तबकड्या मोनो. साठच्या दशकातल्या पुष्कळशा भारतीय एलपीही मोनोच. म्हणजे डाव्या आणि उजव्या स्पीकरला अगदी एकच सिग्नल मिळतो. अशा वेळी एका स्पीकरची अधिक-उणे जोडणी उलटी असेल तर एकाचा कोन, म्हणजे आवाज करणारा पडदा, पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि दोघांच्या मधोमध बसलेल्या माणसाशी हवेचा दाब एकमेकांना खातो. स्टीरिओ ध्वनिमुद्रणात दोन बाजूंना काही वेगवेगळं असतं, त्यामुळे तिथे थोडंफार वाचतं. मोनोत वाचत नाही. सुई बदलून हा दोष जाणं शक्यच नव्हतं.

दुसरी, स्वयंपाकघर. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झवर लागते. त्या स्वराची हवेतली लांबी सुमारे 5 मीटर. काकांची आरामखुर्ची दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर आहे, म्हणजे उलट जोडणीचा फटका सर्वांत जास्त बसेल अशा जागी. स्वयंपाकघर डाव्या अंगाला. तिथे एका स्पीकरचा आवाज दुसऱ्यापेक्षा दोन-अडीच मीटर जास्त चालून पोहोचतो, म्हणजे अर्धी लाट उशिरा, आणि खालचे स्वर एकमेकांना खाण्याऐवजी एकमेकांत मिळतात. काकूंना तिथे भरीव वाटत होतं, ते खरंच तसं होतं. भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजामुळे प्रत्यक्ष खोलीत ना पूर्ण नाहीसं होतं ना पूर्ण मिळतं, पण फरक सहज कळण्याइतका राहतो. डग्ग्याचं घुमणं जाऊन वरचा टोला तेवढा उरणं, हे त्याचंच लक्षण.

खात्री करायला दीड व्होल्टचा एक सेल पुरतो. अँप्लिफायरच्या बाजूने तार सोडवली, लाल टोकाला सेलचं अधिक टेकवलं, काळ्याला उणे. क्षणभरच टेकवायचं. जाळी काढलेली होती. उजव्याचा वूफर (खालच्या स्वरांचा मोठा कोन) बाहेर आला, डाव्याचा आत गेला. काही जुन्या कंपन्यांचे स्पीकर मुळातच उलट रीतीने वागतात, म्हणून "बाहेर" की "आत" यापेक्षा दोन्ही एकसारखे वागतात का, ते पाहायचं. इथे ते वागत नव्हते. ट्वीटरवर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) ही चाचणी दिसत नाही, कारण त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो सेलचा स्थिर प्रवाह अडवतो.

अँप्लिफायरच्या मागे डाव्या बाजूची तार उलटी करून लावली आणि काकांनी स्वतः रेकॉर्ड ठेवली. आवाज एकदम दोन स्पीकरच्या मधे येऊन बसला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसले खरे. पण अजून आवाजात अंग नाही."

त्यांचं बरोबर होतं. प्रकरणाचा मोठा भाग इथून पुढे आहे.

पाच मीटरचं अंतर, सोळा मीटरची तार

नूतनीकरणात सुनेची एक रास्त अट होती: हॉलमध्ये एकही तार दिसायला नको. म्हणून अँप्लिफायर जिन्याजवळच्या सुताराने केलेल्या कपाटात गेला आणि तारा भिंतीतल्या पाइपातून. तिथून डावा स्पीकर सरळ रेषेत पाचेक मीटरवर आहे. पण पाइप वर छताला जातो, तिथून जंक्शन बॉक्स, मग समोरच्या भिंतीने खाली. ओढलेल्या तारेची लांबी डावीकडे 16 मीटर, उजवीकडे 11. तार कोणती, तर दुकानात जिला चौदा-शहात्तर म्हणतात ती: 14 बारीक केस, प्रत्येक 0.0076 इंच जाडीचा. सगळं तांबं मिळून जेमतेम 0.41 स्क्वेअर एमएम. बेलला, छोट्या दिव्याला लावतात ती तार.

वायरमनला मी बोलावून घेतलं. मनमोकळा माणूस, काम नीटनेटकं. त्याचा प्रश्न असा: "साहब, स्पीकर में करंट ही कितना होता है?" हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तर कोणी त्याला कधी दिलेलं नव्हतं. 75 वॅटचा पंखा 230 व्होल्टवर चालतो, म्हणून साधारण एक तृतीयांश अँपिअर घेतो. स्पीकरला तेवढे व्होल्ट नसतात. 3.2 ओहमच्या स्पीकरला 50 वॅट पोहोचवायचे तर जवळपास 4 अँपिअर लागतात. वॅट पंख्यापेक्षा कमी, प्रवाह बारा पट. घरगुती वायरिंगचा अंदाज इथे उपयोगाचा नाही, कारण तो 230 व्होल्टवर घडलेला असतो. वायरमनने हा हिशेब माझ्याकडून कागदावर लिहून घेतला.

आता तारेचा रोध, म्हणजे रेझिस्टन्स. 0.41 स्क्वेअर एमएम तांब्याचा एका मीटरला साधारण 0.042 ओहम. प्रवाह जातो आणि परतही येतो, म्हणून 16 मीटरच्या तारेत 32 मीटर तांबं मोजायचं: 1.35 ओहम. उजवीकडे 0.93. स्पीकरचं टोक सोडवून दोन्ही तारा एकत्र पिळल्या आणि अलीकडून मल्टिमीटर लावला. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध आधी टोकाला टोक लावून मोजायचा आणि वजा करायचा, नाहीतर अशा छोट्या आकड्यांत तोच गोंधळ घालतो. उजवी बाजू हिशेबाप्रमाणे आली. डावी 1.85.

वरचा अर्धा ओहम कुठून आला? जंक्शन बॉक्स उघडला. तार कमी पडल्याने तिथे जोड दिला होता, नुसता पिळून वर काळी टेप. तांबं काळवंडलेलं, निम्मे केस तुटलेले. आणि त्याच जोडात लालला काळी जोडलेली. सेलने दाखवलेली उलट जोडणी आणि हा वाढीव रोध, दोन्हींचं मूळ टेपच्या एका गुंडाळीखाली होतं.

त्या बॉक्समध्ये आणखी एक गोष्ट दिसली, जिच्याबद्दल मी फार कडकपणे बोललो. स्पीकरची तार पंख्याच्या पॉइंटच्या तारांबरोबर एकाच पाइपात होती. त्या बारीक तारेचं आवरण कुठे सोललं गेलं तर 230 व्होल्ट थेट स्पीकरच्या उघड्या टर्मिनलवर येऊ शकतात, आणि त्या टर्मिनलला घरातलं कोणीही हात लावतं. आवाजाचा विषय बाजूला ठेवला तरी ही तार त्या पाइपातून निघायलाच हवी होती.

बारीक तारेने आवाजाचा रंग का बदलतो

बरेच जण म्हणतात की बारीक तारेने फार तर आवाज थोडा कमी होईल, मग मूठ फिरवून वाढवा. स्पीकर जर साधा रेझिस्टर असता तर हे खरं ठरलं असतं. पण स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा त्याचा एकूण अडथळा, प्रत्येक स्वराला वेगळा असतो. पाठीवर "6 ओहम" छापलेलं असतं ती एक ढोबळ खूण.

लॅपटॉप, साउंड कार्ड आणि 100 ओहमचा एक रेझिस्टर वापरून मी काकांच्या स्पीकरचा आलेख काढला. खाली बासमध्ये दोन उंचवटे, मोठा 20 ओहमपर्यंत. मग उतार. 170 हर्ट्झच्या आसपास 3.2 ओहम, सर्वांत खालची जागा. पुढे पुन्हा चढण, 2,000 हर्ट्झजवळ 14 ओहम. उभ्या टॉवर स्पीकरांचे आलेख पुष्कळदा असेच दिसतात.

तारेचा रोध स्पीकरच्या आधी बसतो आणि आपला वाटा कापून घेतो. जिथे स्पीकर 20 ओहमचा आहे तिथे 1.35 ओहमची तार फक्त 0.6 डेसिबल खाते. जिथे तो 3.2 ओहमचा आहे तिथे तीच तार 3 डेसिबल खाते, म्हणजे स्पीकरला मिळणारी शक्ती निम्म्यावर येते, आणि अँप्लिफायर देतो त्यातली तीस टक्के भिंतीत उष्णता होऊन जाते. 2,000 हर्ट्झजवळ कपात 0.8 ची. म्हणजे वरच्या स्वरांच्या तुलनेत 170 हर्ट्झचा पट्टा सव्वादोन डेसिबलने खाली गेला. डावीकडे जोडाचा अर्धा ओहम धरला तर जवळपास तीन डेसिबलने. मूठ फिरवून हा खड्डा भरत नाही, कारण सगळंच एकदम वर जातं.

आणि 170 हर्ट्झच्या आगेमागे काय असतं? काळी एकचा मध्य षड्ज 139 हर्ट्झवर. त्याच्यावरचा रिषभ, गंधार, मध्यम, पंचम 208 पर्यंत. पुरुष गायकाची आलापी जिथे सर्वांत जास्त वेळ मुक्काम करते तो हा सगळा प्रदेश. काका ज्याला "अंग" म्हणत होते ते नेमकं इथलं. तानपुऱ्याच्या जवारीचे वरचे स्वर मात्र जवळजवळ शाबूत राहिले होते, म्हणूनच "तानपुरा ऐकू येतो" ही त्यांची पहिली ओळ. साठ वर्षं ऐकलेल्या कानाने आलेखाशिवाय आलेख सांगितला होता. अशा श्रोत्याच्या तक्रारीला "वयोमानाने होतं" म्हणून टोलवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

बासच्या उंचवट्यावर आणखी एक परिणाम होतो. अँप्लिफायरच्या माहितीपत्रकात डॅम्पिंग फॅक्टर (कोनला आवरण्याची ताकद) 100, 200 असे आकडे मिरवलेले असतात. पण वूफरच्या कॉइलचा स्वतःचा रोध, इथे 3 ओहमच्या आसपास, वाटेत कायम असतो. त्यामुळे 100 चे 200 झाले तरी कोनला काही कळत नाही. बाहेरून 1.85 ओहमची भर पडली की मात्र कळतं: कोनवरचा ताबा ढिला होतो आणि एखाद-दुसरा खालचा स्वर उगाच लांबतो. दोन स्पीकर उलटे असताना हे लपलेलं होतं. जोडणी सरळ केल्यावर डग्गा परत आला, पण थोडा सैल. काकांनी तेही ओळखलं.

जाड केबलने अँप्लिफायर का पडला

मला या प्रकरणात सर्वांत जास्त शिकवणारा भाग हाच वाटतो, आणि विक्रेत्याने इथेच चुकीचं निदान केलं.

मुख्य स्पीकरच्या पाठीवरून, त्याच टर्मिनलमधून, पुढे आणखी एक तार बाहेर व्हरांड्यात गेली होती. तिथे 8 ओहमचे दोन छोटे स्पीकर. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून ऐकायला. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन स्पीकर समांतर. 170 हर्ट्झजवळ मुख्य स्पीकर 3.2 ओहम, व्हरांड्याचा (8 ही त्याचीही ढोबळ खूणच) तारेसह साडेसात धरला, तर दोघांचे मिळून 2.2 ओहम. अँप्लिफायरच्या पाठीवर स्पष्ट छापलेलं होतं: एक जोडी असेल तर किमान 4 ओहम, दोन्ही जोड्या एकत्र असतील तर प्रत्येकी किमान 8.

जुन्या तारेने डाव्या बाजूला यात 1.85 ओहमची भर घातली होती. एकूण 4 ओहमच्या किंचित वर. म्हणजे आवाज बिघडवणारी तीच तार अँप्लिफायरला सांभाळून घेत होती. चाचणीची जाड केबल लावली तेव्हा तिचा रोध 0.1 ओहमच्या आत. व्हरांड्याची तार स्पीकरच्या पाठीवर तशीच होती. अँप्लिफायरला आता 2.3 ओहमचा भार दिसला, आवाज वाढवताच प्रवाह हद्दीबाहेर गेला आणि संरक्षणाने तो बंद केला. यात केबल निर्दोष, अँप्लिफायरही निर्दोष. अँप्लिफायर बदलला असता तर नवाही याच कारणाने पडला असता, किंवा संरक्षण नसलेला असता तर जळला असता.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी भार सुधारायचा, मग तार. व्हरांड्याची जोडी मी सर्वांत आधी सोडवली.

कपाट हलवायचं की तार जाड करायची

इथे घरात मतभेद झाला आणि तो होणं साहजिक होतं. मुलाचं मत, त्याच पाइपातून जाड तार ओढा. हिशेब मांडून दाखवला. 16 मीटरला 2.5 स्क्वेअर एमएमची तार म्हणजे पाव ओहम. 3.2 ओहमपाशी दोन तृतीयांश डेसिबलची कपात उरते. 4 स्क्वेअर एमएम घेतली तर 0.16 ओहम, कपात 0.4. सर्वसाधारण दंडक असा की तारेचा जाऊन-येऊन रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा. 3.2 चे पाच टक्के म्हणजे 0.16. चारची तार काठावर बसते, पण पंख्याच्या तारा असलेल्या त्या पाइपातून ती न्यायची नव्हतीच, आणि नवा पाइप म्हणजे ताज्या रंगाच्या भिंती पुन्हा फोडणं.

माझा आग्रह अँप्लिफायर हलवण्याचा होता. दोन स्पीकरच्या मधे रेकॉर्डींचं बसकं शोकेस आहे. त्याच्या खालच्या कप्प्यात अँप्लिफायर आणि वर टर्नटेबल. तार दोन्ही बाजूंना चार-चार मीटर, स्कर्टिंगच्या मागून. सुनेने सुरुवातीला नकार दिला, कारण तारा दिसतील आणि कप्प्याला दार असल्याने यंत्र तापेल. तापण्याची हरकत रास्त होती. कप्प्याची मागची फळी सुताराकडून कापून घेतली आणि दाराला जाळी बसवली. तारा दिसणार नाहीत, हे दाखवल्यावर त्यांनीच रंगाची पट्टी निवडून आणली.

तार महाराणी रोडवरून आणली. घरगुती वायरिंगचीच, अडीचची, बारीक केसांची तांब्याची, लाल आणि काळी सुटी, मीटरवर तोडून. आवरणावर आयएस 694 छापलेलं पाहून घेतलं. या बाजारात स्पीकर वायर म्हणून जी पारदर्शक जोडतार मिळते तिच्यात पुष्कळदा अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. केस चाकूने खरवडला की आत पांढरं दिसतं. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपट. ती वाईटच असं मी म्हणणार नाही, पण मग जाडी त्या हिशेबाने घ्यावी लागते.

लाल-काळी जोडी एकमेकींभोवती पिळून घेतली. सुट्या, दूर-दूर टाकल्या तर तारेचा इंडक्टन्स, म्हणजे वरच्या स्वरांना होणारा अडथळा, वाढतो. चार मीटरला त्याचा परिणाम 20,000 हर्ट्झवरही डेसिबलच्या काही शतांशांचा, पण पिळायला काहीच लागत नाही. डावी-उजवी लांबी अगदी सारखी हवी का, असं मुलाने विचारलं. नको. तारेतून सिग्नल प्रकाशाच्या वेगाच्या मोठ्या हिश्शाने जातो. एक मीटरचा फरक काही अब्जांश सेकंदांचा. उरलेली तार शोकेसच्या मागे भेंडोळं करून ठेवण्यापेक्षा कापून टाकणं बरं.

नव्या तारेचा रोध मोजायला साधा मल्टिमीटर पुरत नाही. त्यासाठी 12 व्होल्टची बॅटरी आणि स्कूटरच्या इंडिकेटरचा 10 वॅटचा बल्ब घेतला. बल्ब आणि तार एका रांगेत जोडून 0.8 अँपिअर प्रवाह सोडला आणि तारेच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट वाचले. 51 मिलिव्होल्ट, म्हणजे 0.064 ओहम. 3.2 ओहमपाशी कपात 0.17 डेसिबल, 20 ओहमपाशी 0.03. दोन्हींतला फरक 0.14. जुन्या तारेच्या अडीच-तीन डेसिबलपुढे हा संपलाच म्हणायचा.

महागडी केबल आणि बाय-वायरिंग

चाचणीची केबल अजून घरातच होती, तेव्हा तुलना करून टाकली. काकांना आरामखुर्चीत बसवलं, मुलगा शोकेसच्या मागे. नाणं उडवून तो ठरवायचा कोणती जोडायची आणि वहीत लिहायचा. काका फक्त "तीच" की "दुसरी" एवढंच सांगायचे. गाणं त्यांनीच निवडलं, आवाजाच्या मुठीला कोणी हात लावला नाही. काकांची उत्तरं आणि वहीतल्या नोंदी यांचा काही मेळ बसला नाही. तेच काका, ज्यांनी तारेचा वाढीव रोध "अंग नाही" या दोन शब्दांत पकडला होता. त्यांच्या कानावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच या निकालावरही. दोन्ही तारांचा रोध नगण्य असेल आणि जोड पक्के असतील, तर ऐकण्यासारखं काही उरत नाही. तारेतल्या त्वचा-परिणामाचा (प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकण्याचा) बाऊ करतात. ऐकू येणाऱ्या पट्ट्यात इतक्या लांबीला तो जमेतही धरण्याजोगा नाही.

बाय-वायरिंगचं थोडक्यात सांगतो. स्पीकरला चार टर्मिनल असतात, मधल्या पट्ट्या काढून वूफरला आणि ट्वीटरला वेगळी तार न्यायची. दोन्ही तारा शेवटी अँप्लिफायरच्या एकाच टर्मिनलला जातात, त्यामुळे मिळतं ते जास्तीचं तांबं, आणि चार मीटरला ते आधीच पुरेसं आहे. पट्ट्या मात्र तपासल्या. उजव्या स्पीकरची एक सैल होती, ती घट्ट केली. पट्ट्या काढून एकच तार लावली तर अर्धा स्पीकर मुका राहतो, हेही मुलाला दाखवून ठेवलं.

व्हरांडा

झोपाळ्यावरचं गाणं बंद करणं कोणालाच मान्य नव्हतं. तिथे स्वतंत्र छोटा अँप्लिफायर बसवला, त्याच्यापासून स्पीकरपर्यंत दोन-दोन मीटर तार. हॉलमधून सिग्नल त्याला कमी पातळीवर जातो, तिथे प्रवाह नगण्य असल्याने तारेच्या जाडीचा प्रश्न येत नाही. शील्ड असलेली तार विजेच्या तारांपासून दूर ठेवणं एवढंच. अंगण मोठं असतं आणि स्पीकर चार-सहा असते तर मी 100 व्होल्ट लाइन सुचवली असती. स्टेशनवर, देवळात, सभेत वापरतात ती पद्धत: प्रत्येक स्पीकरपाशी ट्रान्सफॉर्मर, व्होल्ट जास्त, प्रवाह कमी, लांबच लांब बारीक तारही चालते. दोन स्पीकरना त्याची गरज नव्हती.

जुनी चौदा-शहात्तर वायरमनने पाइपातून ओढून काढली. नव्या तारांच्या दोन्ही टोकांना त्याने "डावा +", "उजवा +" अशा चिठ्ठ्या लावल्या, वाटेत एकही जोड ठेवला नाही, आणि सेलची चाचणी स्वतः करून पाहिली. दोन्ही वूफर बाहेर आले.

आवाजात अजून एक गोष्ट राहिली आहे, तिचा तारांशी संबंध नाही. उजवा स्पीकर कोपऱ्यात अडकल्यामुळे त्या बाजूचा बास जरा फुगतो. तो भिंतीपासून फूटभर पुढे घेतल्यावर बरंच सुधारलं. आणखी पुढे घ्यायचा तर दिवाण हलवावा लागेल, आणि त्यावर घरात चर्चा चालू आहे.